बहिरीची वही

लिफ्टचा मिस्त्री म्हणजे कानाचा माणूस. डोळ्यांनी लिफ्ट दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. ते झाकण उघडतात, बॅटरी मारतात, मान हलवतात आणि म्हणतात, पार्ट मागवावा लागेल. आपला मिस्त्री त्यातला नव्हता. तो मशिनरूममध्ये शिरायचा, डोळे मिटून उभा राहायचा आणि मोटारीला काय बोलायचं ते बोलू द्यायचा. ब्रेक घासतोय, दोर कोरडा पडलाय, सातव्या मजल्याचं दार नीट मिटत नाही, सगळं त्याला बसल्या जागी ऐकू यायचं. सतरा मजल्यांची एकच बिल्डिंग, तीन लिफ्ट, आणि त्या त्याने बत्तीस वर्षं अशा नुसत्या कानावर चालवल्या.

आणि अशा माणसाला आठ महिने आपल्याच घरात काय चाललंय ते कळू नये! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

घर तळमजल्यावर, जिन्याच्या मागे. दोन खोल्या, एक खिडकी. घरात दोघंच, हा आणि याची बायको. आणि बायको याच्याशी धड बोलत नव्हती.

भांडण नव्हतं, हां. आदळआपट नाही, टोमणे नाहीत. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, कपडे घडी करून जागेवर. पण हा काही बोलला की ती ऐकून न ऐकल्यासारखी. "अगं, माझा दहाचा पाना बघितलास का?" म्हटलं तर भांडी पुसत राहायची. पुन्हा विचारलं तर "हो" म्हणायची. आता "हो" मध्ये पाना कुठे सापडतो? पण तिसऱ्यांदा विचारायची मिस्त्रीची छाती नव्हती. लेक लग्न होऊन लांब गेलेली, तिचा फोन आला की ही हात झटकून म्हणायची, "तुम्हीच बोला, मी कामात आहे." आई लेकीशी बोलत नाही, म्हणजे प्रकरण साधंसुधं नव्हे. टीव्ही लावला की इतक्या मोठ्याने लावायची की भिंतीवरचं कॅलेंडर हलावं. मिस्त्रीने त्याचा सरळ अर्थ लावला. मी उठून बाहेर जावं म्हणून लावते.

कारण त्याला माहीत होतं. म्हणजे त्याला वाटत होतं की माहीत आहे.

बायको चोवीस वर्षं मोजे विणायच्या कारखान्यात होती. मोजा मशिनमधून निघतो तेव्हा पुढून उघडाच असतो. बोटांकडची ती उघडी बाजू शिवून बंद करायची, हे तिचं काम. दिवसाला किती जोड, ते विचारू नका. एका हॉलमध्ये साठ मशिनी आणि सगळ्या एकदम खडखडणार. गेल्या वर्षी तिने काम सोडलं, तेव्हा कारखान्यात निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. नवऱ्यांनाही बोलावलं होतं. नेमकी त्याच दुपारी मधली लिफ्ट अकराव्या आणि बाराव्याच्या मध्ये अडकली, आत चार माणसं. मिस्त्री त्यांना बाहेर काढून, हात धुऊन, धापा टाकत पोचला, तेव्हा खुर्च्या एकात एक घालून ठेवत होते. बायको हातात फुलांचा गुच्छ घेऊन दारात उभी होती. काही बोलली नाही. तेव्हापासून बोलतच नव्हती.

एकदा मिस्त्रीने हिंमत केली. ती पाठमोरी उभी राहून नळाखाली भांडी धूत होती. हा दारात उभा राहिला, खाकरला आणि म्हणाला, "चुकलो मी. त्या दिवशी लोकांना अर्धा तास अडकू द्यायचं होतं आणि तुझ्याकडे यायचं होतं. मनात ठेवू नकोस." जन्मात पहिल्यांदा तो इतकं लांबलचक आणि इतकं मऊ बोलला होता. तिने पातेलं पालथं घातलं, हात पुसले आणि याच्याकडे न बघता आतल्या खोलीत निघून गेली. नळ गळत होता. मिस्त्रीने तेवढा बंद केला.

माफी मागितली तरी जी बाई वळून बघत नाही, तिच्यापुढे माणसाने काय करावं? मिस्त्रीने चार नवरे करतात तेच केलं. गच्चीवर जायला लागला.

कामाचं निमित्त होतंच. मशिनरूम गच्चीवर. रोज सकाळी मोटारी बघायच्या आणि रजिस्टरात "ठीक" लिहायचं. आधी दहा मिनिटांत उतरायचा, आता तासभर तिथेच. आणि या थंडीत त्याला तिथे सोबत मिळाली.

समोर, मधला रस्ता सोडून, एक काचेची उंच इमारत होती. तिच्या माथ्यावर कठडा आणि कठड्याच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली एक लोखंडी दांडी. थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी मिस्त्रीने बघितलं, तर त्या दांडीवर एक पाखरू बसलेलं. आधी वाटलं घार. पण घार अशी ताठ बसत नाही. पाठ पाटीच्या दगडासारखी निळसर काळी, छाती पांढरी आणि त्यावर बारीक आडव्या रेघा, पाय पिवळे धमक, आणि गालांवर दोन्हीकडून उतरलेल्या काळ्याभोर मिशा. फौजदार बसावा तसं बसलं होतं. खालच्या मजल्यांवरचे सगळे पारवे गायब.

आठव्या मजल्यावर एक म्हातारे मास्तर राहायचे. त्यांना विचारलं तर तेही खूश होऊन वर आले.

"मिस्त्री, हा ससाणा आहे. याला बहिरी म्हणतात, बहिरी ससाणा."

"का हो मास्तर? ऐकू येत नाही त्याला?"

"उत्तम ऐकू येतं. नाव लांबून कुठून तरी आलंय, त्याचा कानाशी काही संबंध नाही. आणि त्याला नाही, तिला. ही मादी आहे. नर हिच्यापेक्षा बराच लहान असतो, तो बघा, पलीकडच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलाय."

मिस्त्रीने नराकडे बघितलं. तो त्याला लगेच जवळचा वाटला.

मास्तरांनी आपली जुनी दुर्बीण दिली आणि सांगितलं, रोज बघता तर लिहून ठेवा. ही पाखरं थंडीपुरती येतात, थंडी सरली की निघून जातात. मग मिस्त्रीने एक चाळीस पानी वही आणली आणि लिहायला लागला. शिक्षण चौथीपर्यंत, लिहिणं रजिस्टरातलं. पाल्हाळ नाही. वेळ टाकायची, काय झालं ते लिहायचं. "बहिरी ससाणा" एवढं दर वेळी कोण लिहील? त्याने नुसतं "बहिरी" लिहिलं. वही जाकिटाच्या आतल्या खिशात.

पण आज सकाळी वही खिशात नव्हती.

आणि मिस्त्रीचं वहीकडे लक्षही नव्हतं. काल संध्याकाळी बायकोने माळ्यावरची बॅग खाली काढली होती. पुसली, कॉटवर उघडून ठेवली आणि म्हणाली, "ताईकडे जाऊन राहते काही दिवस." किती दिवस, ते बोलली नाही. याने "कशाला?" विचारलं, तर ती बॅगेची चेन लावून बघत राहिली. तशी चेन धडच होती.

थंडी कडाक्याची. कठड्यावर हात ठेवला तर चिकटेल असं वाटावं. खाली रस्त्यावर धुकं साचलेलं, त्यात गाड्यांचे दिवे पिवळे पिवळे सरकत होते. समोर दांडीवर बहिरी बसली होती. अंग फुगवून, एक पाय पोटात ओढून, अगदी लोकरीचा गोळा. मिस्त्रीने दुर्बीण डोळ्याला लावली, पण काचेत बघतो कुठला, त्याला बॅगच दिसत होती. आज दुपारी बॅग जाणार, बॅगेबरोबर बायको जाणार, मग दोन खोल्या, एक खिडकी आणि आपण. रात्री मोटार थांबल्यावर मशिनरूम कशी होते, तसं घर होणार.

एवढ्यात त्याच्या कानाने टिपलं. कडेची लिफ्ट सतराव्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. मग गच्चीच्या जिन्यावर पावलं वाजली, आणि ती पावलं त्याने मोटारीपेक्षाही जास्त वर्षं ऐकली होती.

बायको गच्चीवर आली. अंगावर शाल, डोळ्यांना चष्मा आणि हातात चाळीस पानी वही.

"अहो," ती म्हणाली, "मी जाते आहे. पण जायच्या आधी हे तुमच्या तोंडासमोर वाचणार आहे. काल जाकीट झटकलं तेव्हा सापडली."

"अगं, ती होय! ती तर—"

"मध्ये बोलू नका." तिने पान उघडलं. "'सकाळी सहा पन्नास. बहिरी आली. तोंड फुगवून बसली. बोलेना की हालेना.' वा!"

मिस्त्रीला कळेना यात वा काय आहे.

"'सात दहा. बहिरी गेल्या महिन्यापेक्षा जाड दिसते. खाणं चांगलं चालू आहे.' खाते ना! स्वतः शिजवून खाते, आणि तुम्हाला आधी वाढून खाते!"

"अगं पण तू कुठे यात—"

"'नर बिचारा तिच्यापुढे अर्धा. जवळ गेला की अंगावर ओरडते. म्हणून लांब कोपऱ्यात बसतो.' बिचारा! कोण ओरडलं हो तुमच्या अंगावर? आठ महिन्यांत एकदा तरी आवाज चढवला का मी?"

"नाही चढवलास. तीच तर पंचाईत आहे."

पण ती पान उलटत होती. "आणि हे. हे तर मी तीनदा वाचलं. 'बिल्डिंगचे मॅनेजर म्हणाले बहिरी घाण करते, तिला हाकला. मी म्हणालो, असू द्या साहेब. थंडीपुरतीच आहे. थंडी सरली की आपोआप जाईल.'" तिने वही मिटली. "मॅनेजरला सांगितलंत. परक्या माणसाला. बरोबर आहे, जाते मी. थंडी सरायची वाट कशाला बघू?"

मिस्त्री तोंड उघडं टाकून उभा. मोटार जळाली तर कुठली तार जळाली ते त्याला वासावरून कळायचं, पण इथे काय जळतंय त्याला काही कळेना.

"बाई गं," तो म्हणाला, "यातलं एक अक्षर तरी तुझ्यावर आहे का? तू कशाला अंगावर ओढून घेतेस?"

"मग या घरात दुसरी कोण आहे बहिरी?" ती ओरडली. खरंच ओरडली. "आहे मी बहिरी! डावा कान गेल्यातच जमा आहे, आणि उजव्याने तुम्ही समोर असलात तर कळतं, नाहीतर नुसती गुणगुण. तुम्हाला कळलं होतं, तर मला विचारायचं होतं. वहीत लिहून मजा कसली करता?"

खाली कोणीतरी हॉर्न वाजवला.

"तुला ऐकू येत नाही?" मिस्त्री हळूच म्हणाला.

"काय?"

"तुला ऐकू येत नाही?"

"मोठ्याने बोला!"

"अगं, तुला ऐकू येत नाही?"

"मग इतका वेळ काय सांगतेय मी!"

मिस्त्री पाण्याच्या पाइपावर मटकन बसला. आणि हसायला लागला. हसू नये ते हसणं होतं, त्यालाही कळत होतं, पण आठ महिन्यांचं साचलेलं कुठून तरी निघणारच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"हसताय?" ती म्हणाली. "बायको बहिरी झाली आणि हसताय?"

तो उठला, तिच्या समोर आला, तोंडासमोर तोंड आणून एकेक शब्द सुटा करून बोलला. "तू माझ्यावर चिडली नव्हतीस?"

"आता चिडलेय!"

"आता चीड गं, पोटभर चीड. आधी. इतके महिने. मला वाटलं, निरोपाच्या दिवशी उशिरा आलो म्हणून तू बोलणं टाकलंस."

बायकोने त्याच्याकडे असं बघितलं, जसं त्याने मोजा हातात घातला असावा. "तो दिवस? अहो, त्या दिवशी तर मला बरं वाटलं तुम्ही नव्हता ते. कारखान्याच्या मॅनेजरबाई अर्धा तास बोलल्या. सगळे हसले तेव्हा मी हसले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मीही वाजवल्या. माझंच कौतुक आणि मीच टाळ्या वाजवतेय! सगळे बघायला लागले. तुम्ही असता तर तिथेच ओळखलं असतंत. तुम्ही कानाचे माणूस."

"डोंबल कानाचा. भांड्यांपाशी तुझ्या पाठीमागे उभा राहून तुझी माफी मागितली, तीही तुला..."

"कधी?"

"दोन महिने झाले."

"पाठीमागे उभं राहून बोललं तर मला कसं कळणार? काय म्हणालात?"

"आता नाही आठवत."

"खोटं बोलू नका. तोंड दिसतंय तुमचं."

मग त्याने सांगितलं. पहिल्या वेळेइतकं चांगलं जमलं नाही, लोकांना अडकू द्यायचं होतं ते वाक्य राहूनच गेलं. पण तिने ऐकलं, ओठांकडे बघत बघत सगळं ऐकलं, आणि शालीच्या टोकाने नाक पुसलं.

"पण लपवलंस कशाला?" त्याने विचारलं.

"आमच्या कारखान्यातली एक बाई माझ्या आधी बहिरी झाली. वयाने मोठी, आम्ही तिला मावशी म्हणायचो. घरच्यांना कळलं आणि तिला कोणी काही विचारेनासं झालं. 'तिला काय कळतंय' म्हणायचे, तिच्या समोरच. पाहुणे आले की तिला स्टुलासारखं बाजूला सरकवायचे. मला स्टूल नव्हतं व्हायचं." ती थांबली. "आणि लेकीच्या फोनवर नुसतं चरचर ऐकू येतं. तिला सांगू काय?"

मिस्त्रीला पुष्कळ बोलायचं होतं, पण शब्द अडकले, अकराव्या-बाराव्याच्या मध्ये. तो एवढंच म्हणाला, "कानाला मशीन मिळतं. सोमवारी जाऊ."

"दिसतं ते बाहेरून."

"चष्मा नाही दिसत?"

तिने चष्मा नाकावर सारखा केला. मग तिला एकदम आठवलं. तिने वही वर धरली. "थांबा. मी नाही, तर ही जाडी कोण? कोण रोज सात वाजता येऊन तुमच्यासमोर तोंड फुगवून बसते?"

मिस्त्रीने तिला खांद्याला धरून वळवलं आणि समोर बोट दाखवलं. दांडीवरची बहिरी सगळा तमाशा बघत असावी तशी मान वाकडी करून याच दिशेला बघत होती.

"ही? हे पाखरू?"

"बहिरी ससाणा. मास्तरांनी सांगितलं. पारव्यांची पिसं आपल्या आवारात टाकते म्हणून मॅनेजर वैतागलाय."

बायकोने पाखराकडे बघितलं, वहीकडे बघितलं, पुन्हा पाखराकडे. मग तिला हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग शाल तोंडाशी धरली, मग शालीलाही ते आवरेना. "आणि मी ताईला पत्र लिहिलं," ती हसता हसता म्हणाली, "की मॅनेजर मला हाकलायला निघालाय!"

"टाकलंस?"

"नाही. बॅगेत आहे."

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. तो मोठ्याने "हुश्श" म्हणाला, आणि ते मात्र तिला बरोबर कळलं.

धुकं विरायला लागलं होतं. समोरच्या काचांवर ऊन आलं. बहिरीने पोटातला पाय खाली घेतला, अंग झाडलं आणि तो लोकरीचा गोळा एकदम बारीक, लांबट, कडक झाला. तिने डोकं दोन-तीनदा वरखाली केलं.

"आता उडणार," मिस्त्री तिच्याकडे वळून म्हणाला. "घे, दुर्बीण घे. मी सगळी थंडी बघतोय, पण झडप काही दिसली नाही मला. दुर्बिणीत शोधेपर्यंत खेळ खलास."

"मग दुर्बीण कशाला लावता? नुसतं बघा की."

बहिरी उडाली. वर गेली, घिरट्या घेत आणखी वर, शेवटी टिकलीएवढी झाली आणि मिस्त्रीने तिला हरवलं. तो आभाळभर मान फिरवत राहिला. पण बायकोचे डोळे चोवीस वर्षं मोज्याच्या विणीतल्या शेवटच्या घरात सुई घालत आलेले. ती एका जागी बघत होती.

"तिथे," ती म्हणाली. "टाकीच्या वर, दोन बोटं डावीकडे. पडली! अहो, पडली ती!"

पडली नव्हती. पंख मिटून तिने स्वतःला सोडून दिलं होतं. मिस्त्रीने बायकोच्या बोटाच्या दिशेने बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला झडप दिसली. दोर तुटलेली लिफ्टसुद्धा अशी खाली येणार नाही. खालून पारव्यांचा एक थवा उधळला आणि त्याच्या मधोमध एक थाप बसली, अगदी उशी झटकावी तशी. हवेत पिसांचा एक गोळा तेवढा राहिला, आणि बहिरी पायांत काहीतरी घेऊन कठड्याकडे परत निघाली. कोपऱ्यातला नर टुणकन पुढे सरकला.

"आवाज आला का गं?" मिस्त्रीने वळून विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

"नाही. पण दिसला." ती डोळे पुसत म्हणाली. "कसा होता?"

मिस्त्री विचारात पडला. बत्तीस वर्षं आवाज ऐकले, पण आवाज कसा होता, ते कोणाला सांगायची वेळ कधी आली नव्हती. तो तिच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला, कानापाशी वाकला आणि म्हणाला, "ओला टॉवेल भिंतीवर आपटल्यासारखा."

"काय?"

"ओला टॉवेल! भिंतीवर!"

"असा?" ती म्हणाली. "मला वाटलं, टाचणी टोचल्यासारखा बारीक असेल. बरं, लिहा वहीत. आणि या बाईचं पूर्ण नाव लिहा, बाहेरचं कोणी वाचेल."

मिस्त्रीने पेन्सिल काढली. बोटं गारठली होती, अक्षर फारच वाकडं आलं. बायको खांद्यावरून बघत होती, आणि "ससाणा" मधला ण चुकला, तो तिने तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावला.